चौदाशे शब्दांची वही आणि एक उतारा

वही दोनशे पानी होती. प्रत्येक पानावर मधोमध उभी रेघ. डावीकडे इंग्रजी शब्द आणि खाली देवनागरीत त्याचा उच्चार, उजवीकडे मराठी अर्थ. 'ए'पासून 'सी'पर्यंतची पानं हाताळून मऊ पडली होती, कोपरे दुमडले होते. 'पी'च्या पुढची पानं मात्र लिहिली त्या दिवसानंतर कुणी उघडलीच नसावीत इतकी करकरीत. सगळे मिळून शब्द चौदाशेच्या घरात. अक्षर वळणदार, स्पेलिंगची चूक शोधूनही सापडत नव्हती. एवढी मेहनत केलेला मुलगा समोर बसून सांगत होता, "मॅडम, पाठ करताना सगळे येतात. पेपरात समोर आले की ओळखच दाखवत नाहीत."

मी अमळनेरला शिकवते आणि संध्याकाळी एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी इंग्रजीचा तास घेते. अशा वह्या मी चोपड्याच्या मुलांकडे पाहिल्या, पारोळ्याच्या मुलींकडे पाहिल्या. शिरपूरहून येणाऱ्या एकाकडे तर तीन होत्या. म्हणून हे एकच प्रकरण सविस्तर लिहिते आहे. मुलाला विचारून लिहिते आहे, नाव देत नाही.

मुलगा तेवीस वर्षांचा, बोरी नदीकाठच्या एका गावातला, बी.कॉम. झालेला. वडिलांची चार एकर जमीन. खरिपाला कापूस, रब्बीला थोडी दादर ज्वारी. सकाळी तो एका कृषी सेवा केंद्रात कामाला असतो, दुपारनंतर अभ्यासिकेत. बँकेच्या क्लार्कची परीक्षा दोनदा दिली, दोन्ही वेळा पूर्वपरीक्षेतच अडकला. आकडेमोड आणि बुद्धिमत्ता चांगली. ते दोन विभाग आता मराठीतूनही देता येतात. इंग्रजीचे ३० प्रश्न मात्र २० मिनिटांत सोडवायचे आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. तिथेच तो दोन्ही वेळा घसरला होता.

एक गोष्ट आधी सांगते. हा मुलगा इंग्रजीत कच्चा नव्हता. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे त्याच्या कानावर ती भाषा पंधरा वर्षं पडली होती. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली सुमारे २००० नेहमीच्या शब्दांची यादी केली होती, त्यातले बहुतेक शब्द त्याला येत होते. अडचण त्याच्या पुढच्या पायरीवर होती. भाषाशिक्षणाच्या युरोपीय मोजमापात ए-वन ते सी-टू अशा सहा पायऱ्या आहेत. त्यातल्या मधल्या दोन, बी-वन आणि बी-टू, म्हणजे मध्यम पातळी. बँकेच्या पेपरातले उतारे साधारण इथेच फिरतात. या पातळीचे शब्द दिसायला अवघड नसतात. ॲड्रेस, इश्यू, डिक्लाइन, सस्टेन, यील्ड. ते साधे वाटतात, आणि तिथेच फसवतात.

त्याच्या वहीत हे शब्द एकेकाच अर्थानं होते किंवा नव्हतेच. ॲड्रेस म्हणजे पत्ता. सब्जेक्ट म्हणजे विषय. ॲबॉमिनेबल आणि पर्निशस मात्र होते, कारण यादी कुठल्याशा क्लासच्या झेरॉक्सवरून उतरवलेली होती.

मी त्याच्याच वहीतले पन्नास शब्द घेऊन तीनदा परीक्षा घेतली. पहिल्यांदा वहीतल्याच क्रमानं विचारले: पन्नासपैकी सेहेचाळीस बरोबर. मग तेच शब्द चिठ्ठ्यांवर लिहून पिसले: एकतीस. मग तेच पन्नास वाक्यात घालून दिले आणि वाक्याचा अर्थ विचारला: बारा. सेहेचाळीसवरून एकतीसवर तो का आला, हे त्याचं त्यालाच उमगलं. शब्द आठवत नव्हता, पानावरची जागा आठवत होती. ॲबँडननंतर ॲबेट, ॲबेटनंतर ॲबॉलिश. एकतीसवरून बारावर का आला, हे मला उमगायला मात्र आठवडा लागला.

उजवा रकाना

त्या आठवड्यात एक दिवस मी वही उलटी धरली. डावा रकाना हातानं झाकला आणि उजवा वाचला. अनिच्छुक. संदिग्ध. शमन करणे. मितव्ययी. व्यवहारवादी. विपुल. मी त्याला म्हटलं, "यातला कुठलाही एक घे आणि मराठीत वाक्य कर." बराच वेळ गेला. शेवटी म्हणाला, "मी अनिच्छुक आहे." कशाबद्दल, ते त्याला सांगता येईना. मितव्ययी म्हणजे काय विचारलं, तर म्हणाला, "वयाशी संबंधित काहीतरी असेल."

तिथे गाठ सापडली. घरात अहिराणी. आई हाक मारते ती "काय करी ऱ्हायना?" अशी. शाळेत आणि गावाबाहेर प्रमाण मराठी. आणि शब्दसंग्रहाच्या नोट्समध्ये आहे ती तिसरीच मराठी, जी त्यानं कुणाच्या तोंडून ऐकलेली नाही. एका अनोळखी शब्दाचा अर्थ म्हणून त्यानं दुसरा अनोळखी शब्द पाठ केला होता. चौदाशे नव्हे, अठ्ठावीसशे शब्द. आणि दोन्हींपैकी एकाचाही त्याच्या जगण्याशी सांधा नव्हता.

प्रमाण मराठीशी माझं भांडण नाही. 'संदिग्ध' हा सुंदर आणि नेमका शब्द आहे आणि तो त्याला यायला हवा, पुढे आलाही. पण ॲम्बिग्युअसपर्यंत नेणारा पूल म्हणून तो चालत नाही, कारण पुलाचं अलीकडचं टोकच मुलाच्या पायाखाली नाही.

मी अर्थ सांगणं थांबवलं आणि प्रसंग विचारायला लागले. रिलक्टंट घेतला. "मागच्या हंगामात तुमचा कापूस कधी विकला?" तो म्हणाला, भाव वाढेल म्हणून घरात भरून ठेवला होता. एका खोलीत छतापर्यंत. झोपायला जागा नाही, अंगाला खाज. मग खताची उधारी मागायला माणूस आला आणि वडिलांनी आहे त्या भावात विकला. "विकला, पण फार जिवावर आलं होतं त्यांच्या."

"हे रिलक्टंट," मी म्हटलं. विकायचं नाही म्हणून विकलंच नाही, तो अनविलिंग. विकलं, पण हात मागे ओढत विकलं, तो रिलक्टंट. अनिच्छुक या एका शब्दात हे दोन्ही गुंडाळले जातात आणि फरक हरवतो. पेपरात तर नेमका तो फरकच विचारतात. त्या दिवशी त्यानं रिलक्टंट हा शब्द वहीत पुन्हा लिहिला आणि समोर लिहिलं: 'बाबांनी कापूस विकला तसं.' फ्रूगलपुढे आई आली, रिकाम्या गोण्या उसवून ताडपत्री शिवणारी. मितव्ययी शब्द त्यानं खाली बारीक अक्षरात राहू दिला आणि आता त्याला तोही कळला होता.

अशी एकेक नोंद तपासताना सगळ्यात मोठा अपघात सापडला तो डाऊट आणि सस्पेक्ट यांच्यात. वहीत एकापुढे 'शंका घेणे', दुसऱ्यापुढे 'संशय घेणे'. मराठीत दोन्ही शेजारी-शेजारी. पण 'आय डाऊट दॅट ही हॅज सोल्ड द कॉटन' म्हणजे त्यानं कापूस विकला असेल असं मला वाटत नाही. आणि 'आय सस्पेक्ट दॅट ही हॅज सोल्ड द कॉटन' म्हणजे विकला असावा असंच मला वाटतं. अर्थ बरोबर उलटे. आधीच्या दोन परीक्षांत अशा किती वाक्यांनी त्याला उलट दिशेला नेलं असेल, याचा विचार करून मला वाईट वाटलं. त्यात त्याचा काहीच दोष नव्हता.

उतारा

शब्दाला एकच अर्थ असतो, ही त्याची समजूत घालवायला इंग्रजीची मदत घेतली असती तर वेळ लागला असता. मराठीनं ते एका तासात केलं.

मी फळ्यावर 'उतारा' लिहिलं आणि याला इंग्रजीत काय म्हणतात, असं सगळ्या तासाला विचारलं. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, पॅसेज. परीक्षेत असतो तो. हा मुलगा म्हणाला, सातबाराचा उतारा. तो एक्स्ट्रॅक्ट. मागून एक जण म्हणाला, कापसाला एकरी उतारा किती आला, तो? तो यील्ड. साप चावल्यावर देतात तो विषावरचा उतारा? तो ॲन्टिडोट. मग एकीनं हळूच विचारलं, "मॅडम, तिठ्यावर ठेवतात तो?" त्याला इंग्रजीत एक शब्द नाही; लिंबू, भात, हळदकुंकू सगळं वर्णन करून सांगावं लागतं.

एक मराठी शब्द, चार इंग्रजी शब्द आणि एका ठिकाणी रिकामी जागा. मुलं गप्प झाली. आपल्याच बोलण्यात एक शब्द पाच ठिकाणी पाच कामं करतो आणि आपण कधी गोंधळत नाही, कारण शेजारचे शब्द सांगतात. 'सातबारा' आला की जमीन, 'एकरी' आलं की पीक. इंग्रजी शब्दाचंही तसंच आहे. तो कुणाबरोबर उभा आहे ते पाहायचं.

लगेच यील्डच घेतला. वहीत होतं: 'उत्पन्न'. पण यील्ड टू प्रेशर म्हणजे दबावापुढे नमणं. बाँडवरचा परतावाही यील्ड. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ होता देणं, चुकतं करणं. जमीन पीक देते, बाँड व्याज देतो, नमणारा माणूस आपला हट्ट सोडून देतो. एकदा हे 'देणं' हाताला लागलं की तीन अर्थ तीन ठिकाणी पाठ करावे लागत नाहीत. सगळ्याच शब्दांचं मूळ असं कामी येत नाही, ओढूनताणून लावूही नये. जिथे येतं तिथे मात्र ते सोडू नये.

यानंतर आम्ही एकटा शब्द लिहिणं बंद केलं. डिक्लाइन लिहायचा तर जोडीनं: डिक्लाइन ॲन ऑफर, नकार देणं, प्राइसेस डिक्लाइन्ड, भाव उतरले. सस्टेन ग्रोथ म्हणजे वाढ टिकवणं, सस्टेन ॲन इंज्युरी म्हणजे इजा होणं. ॲड्रेस द इश्यू म्हणजे प्रश्नाला हात घालणं. पत्त्याचा संबंध नाही.

बाटलीवरची इंग्रजी

तो दिवसाचे पाच तास ज्या दुकानात उभा असतो, तिथल्या प्रत्येक बाटलीवर मध्यम पातळीची इंग्रजी छापलेली असते, हे आमच्या दोघांच्याही उशिरा लक्षात आलं. डायल्यूट, रेसिड्यू, इनहेल, सिम्प्टम्स, ॲन्टिडोट. फवारणीच्या विषाला आपण औषध म्हणतो, म्हणून तर ते वाचायला अधिकच हवं.

बाटलीवर कोपऱ्यावर उभा केलेला एक चौकोन असतो आणि त्याचा खालचा अर्धा भाग रंगीत. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनी चार रंग ठरवून दिले आहेत. लाल म्हणजे एक्स्ट्रीमली टॉक्सिक, पिवळा हायली, निळा मॉडरेटली, हिरवा स्लाइटली. लाल आणि पिवळ्याच्या वर पॉयझन लिहितात, निळ्याच्या वर डेंजर, हिरव्याच्या वर कॉशन. रंग त्याला तोंडपाठ होते; शेतकऱ्यांना तोच सांगत असे. शब्दांकडे त्यानं कधी अभ्यास म्हणून पाहिलं नव्हतं. वहीत मॉडरेटपुढे 'मध्यम, संयत' आणि स्लाइटपुढे 'किंचित' होतं. आता चारही शब्द एका शिडीच्या पायऱ्यांसारखे उभे राहिले. डेंजर आणि कॉशन यांतलं अंतरही निळ्या आणि हिरव्याच्या अंतरानं कळलं. 'प्राइसेस रोज मॉडरेटली' असं वाक्य आलं की तो म्हणतो, "निळं."

एवढ्या वर्षांत शब्द शिकवण्याची याहून चांगली जागा मला वर्गात सापडलेली नाही.

खोका, आणि माझी चूक

उजळणीची पद्धत जुनीच आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवलं, की पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्यानं विसरतं आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून उजळणी आधी लवकर, मग लांब-लांब अंतरानं करायची. जर्मनीच्या सेबास्टियान लाइटनर यांनी त्यासाठी चिठ्ठ्यांच्या पेटीची युक्ती १९७० च्या दशकात लोकांपुढे आणली. मुलानं दुकानातला बियाण्याचा रिकामा खोका आणला, पुठ्ठ्याचे पाच कप्पे केले. पहिला कप्पा रोज, दुसरा तीन दिवसांनी, मग आठवड्यानं, पंधरवड्यानं, महिन्यानं. चिठ्ठीवरचा शब्द बरोबर आला की ती पुढच्या कप्प्यात, चुकला की परत पहिल्यात. दिवसाला आठच नवे शब्द. त्याला वीस हवे होते, मी घेऊ दिले नाहीत. खोक्यात वर्णक्रम नसतो, त्यामुळे 'पी'च्या पुढचे शब्द अनाथ राहिले नाहीत.

इथे माझ्याकडून एक चूक झाली आणि ती लिहायलाच हवी. वेग वाढावा म्हणून मी जवळच्या अर्थाचे शब्द गट करून दिले. ॲम्पल, ॲडिक्वेट, ॲबंडंट, सफिशियंट एका दिवशी. स्केअर्स, रेअर, मीगर दुसऱ्या दिवशी. तीन आठवडे असं चाललं आणि तो मागे जायला लागला. ॲडिक्वेट म्हणजे भरपूर, ॲबंडंट म्हणजे पुरेसं, अशी अदलाबदल. आधी येणारेही शब्द डळमळले. तो स्वतःला दोष देत होता. मी पुन्हा वाचायला बसले तेव्हा शब्द कसे शिकले जातात यावरचं टिंकम यांचं १९९३ चं संशोधन हाती आलं: एका अर्थगटातले नवे शब्द एकत्र शिकले तर ते एकमेकांत मिसळतात आणि शिकायला उलट जास्त वेळ लागतो. एका मांडवात चार जुळी भावंडं एकदम ओळखीची करून दिली तर कोण कोण हे कसं लक्षात राहणार? आम्ही गट फोडले. एक शब्द पक्का झाल्यावरच, दोन-तीन आठवड्यांनी, त्याचा भाऊ. ॲडिक्वेट बसला तो 'विहिरीला पाणी दादरपुरतं आहे' या नोंदीनं. ॲबंडंट नंतर आला, चांगल्या पावसाच्या वर्षातल्या बोरीच्या पाण्याबरोबर.

तेवढ्यानं वाचनाची अडचण सुटली नाही. मजकूर कुणाच्याही मदतीशिवाय नीट कळायचा असेल तर त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात, हे शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांच्या कामामुळे बऱ्याच अंशी मान्य झालं आहे. म्हणजे पन्नास शब्दांत एकच अनोळखी. त्याच्या सरावाच्या उताऱ्यात दर ओळीला एखादा अनोळखी शब्द होता. एवढ्या खड्ड्यांतून गाडी चालत नाही. म्हणून आम्ही महिनाभर सरावाचे उतारे बाजूला ठेवले आणि इंग्रजी वर्तमानपत्रातल्या कापूस बाजाराच्या सहा-सात ओळींच्या बातम्या घेतल्या. विषय त्याचा, म्हणून निम्मं काम आधीच झालेलं. ॲराइव्हल्स म्हणजे बाजारातली आवक, हे मी न सांगता त्यानं ओळखलं. प्राइसेस रिमेन्ड फर्म म्हणजे भाव टिकून राहिले. तेच पंधरा-वीस शब्द रोज फिरून येत होते, आणि असं फिरून भेटणं कुठल्याही खोक्यापेक्षा चांगलं.

चार महिन्यांनी त्याच पन्नास शब्दांची तिसरी चाचणी पुन्हा घेतली, नव्या वाक्यांत. बाराऐवजी सदतीस. चौदाशेपैकी सहाशे शब्द खोक्यात गेले होते. बाकीचे आम्ही हेतुपुरस्सर सोडले. तिसऱ्या खेपेला पूर्वपरीक्षा निघाली. मुख्य परीक्षेत थोडक्यात राहिला. सदतीसचं श्रेय सगळं पद्धतीला देणार नाही. चार महिने रोज वाचलं तर माणूस कसाही सुधारतो. पण डाऊट आणि सस्पेक्ट आता तो चुकत नाही, आणि ते नुसत्या वाचनानं झालेलं नाही.

गेल्या महिन्यात दुकानात एक शेतकरी बँकेचं पत्र घेऊन आले. इंग्रजीत होतं. गावात कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, की कर्ज माफ झालं. २०१७ आणि २०१९ च्या कर्जमाफ्या सगळ्यांच्या लक्षात आहेत, त्यामुळे विश्वास बसायला वेळ लागत नाही. त्यांनी पत्र याच्यापुढे धरलं. वेव्ह शब्द त्याला लगेच दिसला, मधे 'आय' असलेला, लाटेचा नव्हे, सोडून देण्याचा. पण माफ काय होतं, तर दंडव्याज. आणि पुढे सब्जेक्ट टू होतं: मुद्दल अमुक तारखेच्या आत भरण्याच्या अटीवर. त्यानं त्या शेतकऱ्यांना बसवून घेतलं, चहा मागवला आणि ओळीवर बोट ठेवून सगळं अहिराणीत समजावलं. मुदतीला अकरा दिवस उरले होते. त्यांनी भाच्याला फोन लावला.

संध्याकाळी तो अभ्यासिकेत आला तेव्हा जुनी वही बरोबर होती. 'एस'चं पान, करकरीत. सब्जेक्ट: विषय. त्याखाली त्यानं पेनानं सब्जेक्ट टू लिहिलं, उजव्या रकान्यात थोडा वेळ थांबला, आणि एकच शब्द लिहिला: 'तरच.'